करारातला नट

अमेरिकी नटाच्या कारकिर्दीची गोष्ट सांगण्याची एक रुळलेली रीत आहे. छोट्या गावातला देखणा मुलगा, हातावर पोट, योगायोगाने पदरात पडलेली पहिली भूमिका, टीव्हीवर झालेले नाव, मग चित्रपटात बढती; आणि वय झाल्यावर पुन्हा टीव्हीकडे परतणे, ज्याला सगळेच घसरण म्हणतात. या गोष्टीत चित्रपट ही वरची पायरी आणि टीव्ही ही खालची. नट वर चढतो तो गुणांच्या बळावर आणि खाली येतो तो नशिबाने किंवा वयाने. जेम्स गार्नर या नटाची कारकीर्द अनेकांनी याच साच्यात घालून सांगितली आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावी 1928 साली जन्मलेला हा माणूस 1950च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अर्धशतक दोन्ही पडद्यांवर वावरला, त्यामुळे साचा त्याला बसतोही बरा. पण ही कारकीर्द जवळून पाहिली तर जवळजवळ प्रत्येक वळणावर गुण आणि नशीब यांच्या आधी एक कागद आडवा येतो. करार किती वर्षांचा, आठवड्याचा पगार किती, काम नसेल त्या आठवड्याचे काय, एकदा दाखवलेला भाग पुन्हा दाखवला तर पैसे कोणाचे, आणि नफा म्हणायचे कशाला. चित्रपटाचा नट आणि टीव्हीचा नट यांच्यातली जी भिंत आपण अभिनयाची किंवा दर्जाची समजतो, ती मुख्यतः या कागदांची होती, असे माझे म्हणणे आहे. आणि गार्नरइतका चांगला पुरावा त्यासाठी दुसरा क्वचितच सापडेल, कारण त्याने ती भिंत एकदा नव्हे, तीनदा न्यायालयात नेली.

हे कागद टीव्हीने निर्माण केले नव्हते. 1930च्या दशकात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंकडे नट पगारी नोकर असत. सात वर्षांचा करार, आठवड्याचा पगार, आणि दर ठरावीक मुदतीनंतर पुढे चालू ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क फक्त स्टुडिओला. भूमिका नाकारली तर बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे सात वर्षे कधी संपायची ते नटाच्या हातात नव्हतेच. बेटी डेव्हिस या जाचातून सुटण्यासाठी 1936 साली इंग्लंडच्या न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडने मात्र वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचा आधार घेतला आणि 1944 साली न्यायालयाने सांगितले की सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे, स्टुडिओने मोजलेली नव्हेत. दुसरा तडा वेगळ्या बाजूने गेला. 1950 साली आलेल्या ‘विंचेस्टर 73’साठी युनिव्हर्सलला जेम्स स्ट्युअर्टचा मोठा मोबदला परवडेना, तेव्हा त्याचा एजंट ल्यू वॉसरमन याने पगाराऐवजी नफ्यात वाटा घेतला. चित्रपट चालला, स्ट्युअर्ट श्रीमंत झाला, आणि बडे नट पगाराऐवजी टक्केवारीची भाषा बोलू लागले. वॉसरमन हे नाव लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढे ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला भेटते.

थोडक्यात, 1950 उजाडेपर्यंत चित्रपटातल्या मोठ्या नटांनी आपले पाय मोकळे करून घेतले होते. त्याच सुमारास स्टुडिओंचे कंबरडे दोन बाजूंनी मोडत होते. 1948च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना स्वतःची चित्रपटगृहे विकावी लागली, आणि घरोघर टीव्ही येत होता. 1950 साली दहातल्या जेमतेम एका अमेरिकी घरात असलेला संच 1960पर्यंत दहातल्या जवळपास नऊ घरांत पोहोचला. सुरुवातीला टीव्हीकडे पाठ फिरवून बसलेल्या वॉर्नर ब्रदर्सने 1955 साली एबीसी या तिसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीशी हातमिळवणी केली आणि ‘शायेन’सारख्या मालिका काढायला घेतल्या. चित्रपटात जी जुनी पगारी व्यवस्था मोडकळीस आली होती ती वॉर्नरने टीव्हीच्या विभागात जशीच्या तशी पुन्हा उभी केली, ही यातली कळीची गोष्ट. नाव नसलेले तरुण नट घ्यायचे, त्यांना आठवड्याच्या पगारावर बांधायचे आणि मालिका गाजली तरी पगार कराराप्रमाणेच ठेवायचा. ‘शायेन’चा नायक क्लिंट वॉकर 1958 साली काम सोडून बाहेर पडला, बाहेरच्या जाहीर कार्यक्रमांच्या कमाईतला निम्मा वाटाही स्टुडिओ घेतो, ही त्याच्या तक्रारींतली एक. स्टुडिओने त्याच्या जागी दुसरा नट उभा करून गाडी पुढे हाकली आणि काही महिन्यांनी वॉकर परतला. लेखकांची गत वेगळी नव्हती. रॉय हगिन्स या लेखक-निर्मात्याने ‘मॅव्हरिक’ कल्पिली, पण पहिला भाग म्हणून स्टुडिओच्या मालकीच्या जुन्या साहित्यावर बेतलेला भाग दाखवला गेला आणि हगिन्सला मालिकेचा जनक म्हणून मिळणारे मानधन हुकले. टीव्हीचा नट खालच्या पायरीवर होता हे खरे. पण ती पायरी कोणी, कुठे आणि का बसवली हे यातून दिसते.

गार्नर या व्यवस्थेत आला तेव्हा त्याच्याकडे नाव नव्हते, प्रशिक्षण नव्हते आणि फारशी हौसही नव्हती. कोरियाच्या युद्धात जखमी होऊन परतल्यावर तो लॉस एंजेलिसमध्ये वडिलांबरोबर गालिचे बसवण्याचे काम करत होता. निर्माता पॉल ग्रेगरी ओळखीचा निघाला आणि त्याने 1954 साली ‘केन म्युटिनी कोर्ट-मार्शल’ या ब्रॉडवेवरच्या नाटकात त्याला लष्करी न्यायाधीशांपैकी एकाची मूक भूमिका दिली. रोज रात्री रंगमंचावर बसून हेन्री फोंडाला पाहणे हेच त्याचे शिक्षण. पुढे ‘शायेन’मध्ये लहानसे काम, वॉर्नरचा करार, 1957 साली ब्रँडोबरोबर ‘सायोनारा’, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून रविवारी संध्याकाळी ‘मॅव्हरिक’. धाडसापेक्षा अक्कल आणि पळ काढण्याची तयारी यांवर जगणारा हा जुगारी नायक एड सलिव्हन आणि स्टीव्ह ॲलन यांच्या कार्यक्रमांसमोर उभा राहिला आणि गाजला; 1959 साली मालिकेला टीव्हीचे एमी पारितोषिक मिळाले. एका तासाचा भाग चित्रित करायला आठवडा पुरत नव्हता, म्हणून हगिन्सने जॅक केलीच्या रूपाने मॅव्हरिकला एक भाऊ दिला आणि दोन चमू आलटूनपालटून काम करू लागले. म्हणजे कथेतला भाऊसुद्धा वेळापत्रकातून जन्माला आला. चित्रपटातली गार्नरची पहिली नायकाची भूमिका तर सरळसरळ दुसऱ्याच्या करारातून मिळालेली. 1958च्या ‘डार्बीज रेंजर्स’मध्ये चार्ल्टन हेस्टन असायचा होता, उत्पन्नातल्या टक्केवारीवरून त्याचे आणि स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांचे बिनसले. टक्केवारी मागणारा नट गेला आणि आठवड्याच्या पगारावरचा नट आत आला. या बढतीला गुणांची पावती म्हणायचे असेल तर म्हणावे. हिशेबाच्या वहीत ती काटकसर होती.

मग 1960 उजाडले. जानेवारीत लेखकांच्या संघटनेने संप पुकारला. पाठोपाठ मार्चमध्ये रोनाल्ड रीगन अध्यक्ष असलेल्या नटांच्या संघटनेनेही चित्रपट स्टुडिओंविरुद्ध संप केला. भांडण दोन्हीकडे बव्हंशी एकाच गोष्टीचे होते, चित्रपट टीव्हीवर दाखवले की त्या पैशात आम्हाला काय. लेखकांचा संप जूनपर्यंत लांबला. वॉर्नरने मार्चमध्ये गार्नर आणि केली यांचा पगार थांबवला. कारण असे सांगितले की संपामुळे पटकथा नाहीत, पटकथा नाहीत म्हणून निर्मिती बंद, आणि आमच्या हाताबाहेरच्या कारणाने निर्मिती बंद पडली तर पगार थांबवण्याची तरतूद करारात आहे. भूकंप, आग, युद्ध अशा आपत्तींसाठी असलेले हे कलम वॉर्नरने संपाला लावले. गार्नरने उत्तर दिले की मग करार तुम्हीच मोडला, मी मोकळा. खटला उभा राहिला तेव्हा जॅक वॉर्नर स्वतः साक्षीला आले, आणि संपाच्या काळातही स्टुडिओत अनेक पटकथांवर काम चालू होते हे उघड झाले. संपाच्या महिन्यांत वॉर्नरच्या मालिकांवर लेखक म्हणून ‘डब्ल्यू. हर्मानोस’ असे एक नाव वारंवार झळकत असे. हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये बंधू; अर्थात हा गृहस्थ अस्तित्वातच नव्हता. जुन्या पटकथा काढून नावे, गावे बदलून एका मालिकेतून दुसरीत घालण्याचा उद्योगही या स्टुडिओत सर्रास चाले. ज्या स्टुडिओला काल्पनिक लेखक सापडतो त्याला पटकथा सापडत नाहीत हे न्यायालयाला पटण्यासारखे नव्हते. निकाल गार्नरच्या बाजूने लागला आणि 1961 साली अपील न्यायालयाने तो कायम केला. संपामुळे निर्मिती खरोखर अशक्य झाली होती का, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. संप होता एवढ्यावर ते थांबले नाही. मालिका पुढे रॉजर मूरला चुलतभाऊ म्हणून आणून चालवली गेली, आणि गार्नर चित्रपटांकडे वळला. रुळलेल्या गोष्टीत याला ‘टीव्हीने दिलेल्या लोकप्रियतेवर चित्रपटात झेप’ म्हणतात. लोकप्रियता तर 1958 सालीही होती. झेप घेता आली ती निकालानंतर.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे, कारण त्या काळच्या धंद्यातल्या शहाण्यांचाच तो होता. जो चेहरा दर आठवड्याला घरात फुकट दिसतो, त्याला पाहायला लोक तिकीट काढून का जातील? असे असेल तर भिंत कागदांनी नव्हे, प्रेक्षकांनी बांधली. या प्रश्नाला 1963च्या ‘द ग्रेट एस्केप’ने दिलेले उत्तर मला पुरेसे वाटते. जॉन स्टर्जेसच्या त्या चित्रपटात जर्मन तुरुंगछावणीतून पळणाऱ्या कैद्यांमध्ये गार्नर आहे, स्टीव्ह मक्वीन आहे आणि चार्ल्स ब्रॉन्सन आहे. तिघेही काही वर्षांपूर्वी टीव्ही मालिकांचे नायक होते. चित्रपट त्या वर्षीच्या गाजलेल्या चित्रपटांपैकी एक ठरला. लोकांनी तीन फुकट चेहऱ्यांसाठी पैसे मोजले. चित्रपटावर नाव लागलेले नट टीव्हीवर हमखास चालतात, ही उलटी समजूतही टिकली नाही. 1971च्या हंगामात वाहिन्यांनी जेम्स स्ट्युअर्ट, हेन्री फोंडा, शर्ली मॅक्लेन अशी जाडजूड नावे आणून मालिका काढल्या आणि त्या लवकरच गुंडाळल्या गेल्या. त्याच हंगामातली गार्नरची स्वतःची ‘निकल्स’ हीसुद्धा एका वर्षात संपली, तीही शेवटच्या भागात नायकाला गोळी घालून त्याच्या जागी जुळा भाऊ आणण्याचा अजब तोडगा काढून. प्रेक्षक दोन्ही पडद्यांवर चांगली गोष्ट शोधत होता आणि वाईट गोष्ट दोन्हीकडे नाकारत होता. फुकट चेहऱ्याचा सिद्धांत त्याला ठाऊक नव्हता; पगार ठरवणाऱ्यांना मात्र तो फार सोयीचा होता. टीव्हीच्या नटाला बाजारात किंमत नाही असे म्हटले की त्याला आठवड्याच्या पगारावर ठेवण्याचे कारण आपोआप मिळते.

दुसरा आक्षेप कलेचा. टीव्हीचा अभिनय लहान पडद्यासाठीचा, चेहऱ्याजवळचा, घाईतला. चित्रपटाचा वेगळा, म्हणून वेगवेगळे नट लागतात, असे सांगतात. घाईचा भाग खरा आहे. पण वॉर्नरच्या बरबँकमधल्या आवारात ‘मॅव्हरिक’ चित्रित व्हायची ती त्याच देखाव्यांच्या रस्त्यांवर, चित्रपटासाठीच्याच 35 मिलिमीटर फिल्मवर, आणि गुरांचे कळप किंवा हाणामारी लागली की जुन्या चित्रपटांतली दृश्येच कापून जोडली जात. फरक होता तो दिवसांचा आणि खर्चाचा. गार्नरची जी शैली सगळे वाखाणतात, कमीत कमी हालचाल, नजरेतला वैताग, संवाद जणू आत्ताच सुचल्यासारखा टाकणे, ती या घाईत फार उपयोगी पडली असणार. पण तीच शैली पॅडी चायेफ्स्कीने लिहिलेल्या ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’त, 1964 साली, चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर लांबलचक भाषणे पेलताना दिसते. युद्धात मरणे थोर नसते असे निर्लज्जपणे सांगणारा तो नौदल अधिकारी मॅव्हरिकचाच सख्खा भाऊ आहे, आणि गार्नरचे स्वतःचे आवडते काम तेच होते. 1966च्या ‘ग्रां प्री’त तो स्वतः शर्यतीची गाडी चालवतो, 1969च्या ‘सपोर्ट युवर लोकल शेरिफ’मध्ये पुन्हा वेस्टर्नची टर उडवतो. या सगळ्यांत चित्रपटाचा गार्नर आणि टीव्हीचा गार्नर वेगळे काढून दाखवावेत, असे दोन गार्नर मला दिसत नाहीत.

1974 साली तो टीव्हीवर परतला, ‘द रॉकफर्ड फाइल्स’ घेऊन. साच्यातल्या गोष्टीप्रमाणे ही उतरण. 46 वर्षांचा नट, चित्रपट पूर्वीसारखे चालत नाहीत, म्हणून मालिका. पण या वेळी तो पगारी नोकर म्हणून आला नव्हता. चेरोकी प्रॉडक्शन्स ही त्याची स्वतःची संस्था युनिव्हर्सलबरोबर निर्मितीत होती आणि नफ्यात त्याचा वाटा होता. कमी मोबदला आज, वाटा उद्या, असा सौदा. कल्पना पुन्हा रॉय हगिन्सची, सोबत तरुण स्टीवन कॅनल. मालिबूच्या किनाऱ्यावर जुनाट ट्रेलरमध्ये राहणारा, पिस्तूल बिस्किटांच्या बरणीत ठेवणारा, दिवसाला 200 डॉलर अधिक खर्च असा दर सांगणारा आणि तो दर बहुधा वसूल न होणारा हा गुप्तहेर. सहा हंगाम चाललेल्या मालिकेने गार्नरला 1977 साली अभिनयाचे एमी दिले आणि 1978 साली सर्वोत्तम नाट्यमालिकेचे एमी मिळवले. हाणामाऱ्या आणि गाड्यांची पळापळ बरीचशी तो स्वतः करी. गुडघे, पाठ आणि पोट यांनी शेवटी असहकार पुकारला आणि 1980च्या जानेवारीत मालिका बंद झाली. आणि त्यानंतर युनिव्हर्सलच्या हिशेबातून निष्पन्न झाले की इतकी वर्षे चाललेली, देशोदेशी विकलेली ही मालिका तोट्यात आहे. नफाच नाही, तर वाटा कशाचा?

हे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण 1960च्या कलमाचेच हे सुधारलेले रूप आहे. त्या काळच्या अमेरिकी टीव्हीत वाहिनी जी रक्कम देई ती निर्मितीखर्चाला पुरत नसे. तूट स्टुडिओ सोसे आणि पुढे जुने भाग स्थानिक वाहिन्यांना आणि परदेशांत पुन्हा पुन्हा विकून भरून काढी. 1970पासूनच्या सरकारी नियमांनी वाहिन्यांना या पुनर्विक्रीच्या धंद्यातून दूर ठेवले, तेव्हा खरी कमाई स्टुडिओच्याच तिजोरीत येऊ लागली. नटाचा वाटा ठरे तो ‘निव्वळ नफ्या’वर, आणि निव्वळ काय ते मोजणारा स्टुडिओच. उत्पन्नातून आधी स्टुडिओ स्वतःच्याच वितरण विभागाची दलाली कापी, मग वितरणाचा खर्च, मग निर्मितीखर्च, त्यावर कचेरीचा वरखर्च म्हणून ठरावीक टक्के, आणि न फिटलेल्या रकमेवर व्याज. व्याज चढत राही, त्यामुळे उत्पन्न वाढले तरी तोटा हटत नसे. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार पूर्ण कायदेशीर कागदावर बसवलेला होता. आणि हा कागद ज्या कंपनीचा, तिच्या शिखरावर कोण? ल्यू वॉसरमन. स्ट्युअर्टसाठी नफ्यातला वाटा मिळवणाऱ्या एजंटची एमसीए ही कंपनी 1962 साली युनिव्हर्सलची मालक झाली, आणि त्याच वर्षी सरकारने मक्तेदारीविरोधी कारवाईचा बडगा दाखवल्यावर तिने एजन्सीचा धंदा सोडून दिला. ज्याने नटाच्या बाजूने नफ्याची व्याख्या घडवली त्याच्याच अमलाखाली ती नटाच्या विरुद्ध वापरली गेली. 1983 साली गार्नरने युनिव्हर्सलवर 1 कोटी 65 लाख डॉलरचा दावा लावला. तो सहा वर्षे रखडला आणि 1989 साली न्यायालयाबाहेर मिटला. रक्कम गुप्त राहिली.

यावर स्टुडिओच्या बाजूने म्हणण्यासारखे आहे आणि ते टाळून चालणार नाही. दहा मालिका काढल्या तर एखादीच तगते. बाकीच्यांचा तोटा त्या एकीनेच भरायचा. नट वाईट काळात पगार घेतो, धोका स्टुडिओ घेतो, तर चांगल्या काळात मोठा वाटा स्टुडिओचा असणे अन्यायाचे कसे? हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. धोका खरा होता. पण 1960 साली धोका प्रत्यक्षात आला तेव्हा पहिल्यांदा पगार कोणाचा थांबला, हे पाहिले की उरलेला अर्धा गळून पडतो. पगार म्हणजे विमा असेल, तर आगीच्या दिवशीच तो रद्द होणारा विमा होता. नफ्याच्या वाट्याचेही तेच. धोका वाटून घ्यायचा म्हणून नटाने आजचा मोबदला कमी केला, आणि फळ आले तेव्हा व्याख्येने ते हिसकावले. काही जण गार्नरच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. माणूस तापट, कोर्टाची पायरी चढायला सदा तयार, त्याच्या भांडणातून साऱ्या धंद्याचा इतिहास कसा काढायचा? पण डी हॅव्हिलंड, वॉकर आणि हेस्टन एकाच स्वभावाचे नव्हते, आणि 1990 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लेखक आर्ट बकवाल्डच्या पॅरामाउंटविरुद्धच्या खटल्यात निव्वळ नफ्याच्या अशाच सूत्रातली अनेक कलमे विवेकाला न पटणारी ठरवली. तिथे ना नट होता, ना टीव्ही मालिका, ना गार्नर.

अधिक अवघड प्रश्न जॅक केलीचा आहे. तोच स्टुडिओ, तीच मालिका, त्याच महिन्यात थांबलेला पगार. केली वॉर्नरकडेच राहिला, मालिका 1962 साली संपेपर्यंत बार्ट मॅव्हरिकच रंगवत राहिला, आणि नंतर पाहुण्या भूमिकांमध्ये विरत गेला. 1980च्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीच या शहराचा महापौर झाला, जे काही वाईट आयुष्य नव्हे. केली आणि गार्नर यांच्यातला फरक खटल्याने पडला की गार्नर मुळातच मोठा नट होता म्हणून? दुसरे कारण नाकारण्यात अर्थ नाही. मॅव्हरिक बंधूंचे भाग शेजारी ठेवून पाहिले तर लोक गार्नरच्या आठवड्याची वाट का पाहत असत ते कळते. तरीही गुण एवढेच सांगतात की लोकांना कोण हवा होता. तो कुठे, कधी आणि कोणाच्या फायद्यासाठी दिसेल हे ते सांगत नाहीत. गुणवान गार्नर 1958 साली पगारावर होता आणि 1963 साली मोकळा, मधल्या पाच वर्षांत त्याचा अभिनय बदलला नव्हता. नाव नसलेल्या नटांसाठी तर खटल्यापेक्षा संघटनेचा करारच महत्त्वाचा ठरला. 1950च्या दशकात टीव्हीच्या पुनःप्रक्षेपणाचा मोबदला ठरावीक वेळांनंतर थांबत असे, आणि ती मर्यादा 1974च्या करारात उठली. त्यामुळे ‘रॉकफर्ड’मध्ये एखाद्या भागात पोलीस शिपाई झालेल्या नटाला पुनःप्रक्षेपणाचे पैसे येत राहिले, थोडे का होईनात, ‘मॅव्हरिक’मधल्या शिपायाला नाही. इतिहास म्हणून मला हा फरक गार्नरच्या खटल्यांहून कमी वाटत नाही, पण त्याच्यावर चरित्रे लिहिली जात नाहीत.

उत्तरार्धात गार्नरने भिंत फारशी मानलीच नाही. 1970च्या दशकाच्या शेवटी मॅरिएट हार्टलीबरोबर केलेल्या पोलरॉइड कॅमेऱ्याच्या जाहिराती इतक्या सहज होत्या की लोक दोघांना खरे नवरा-बायको समजत. 1985च्या ‘मर्फीज रोमान्स’साठी कोलंबिया कंपनीला दुसरे वजनदार नाव हवे होते, सॅली फील्ड आणि दिग्दर्शक मार्टिन रिट हटून बसले म्हणून गार्नर आला, आणि त्याला ऑस्करचे आयुष्यातले एकमेव नामांकन त्याच भूमिकेसाठी मिळाले. म्हणजे ‘टीव्हीचा चेहरा’ ही शंका पंचवीस वर्षांनीही कंपनीच्या बैठकीत जिवंत होती, समोर पुरावा काहीही असो. त्याच दशकात ‘प्रॉमिस’सारखे टीव्हीपट त्याने केले, 1993 साली एचबीओसाठी ‘बार्बेरियन्स ॲट द गेट’मध्ये कंपनी गिळायला निघालेला मुख्याधिकारी रंगवला, आणि त्यातली करारांची कापाकापी त्याला समजावून सांगावी लागली नसावी.

1994 साली वॉर्नरने मेल गिब्सनला घेऊन ‘मॅव्हरिक’ चित्रपट काढला आणि गार्नरला त्यात मानाची भूमिका दिली. त्याच वर्षी युनिव्हर्सलने ‘रॉकफर्ड’चे टीव्हीपट सुरू केले, 1999पर्यंत असे आठ झाले. ज्या दोन कंपन्यांशी तो न्यायालयात भांडला त्या दोघींकडे एकाच वर्षी त्याने काम केले. 1998 साली, हे टीव्हीपट चालू असतानाच, जुन्या मालिकेच्या पुनर्विक्रीतून वितरणाच्या दलालीच्या नावाखाली आपले पैसे कापले जातात म्हणून त्याने युनिव्हर्सलवर आणखी एक दावा लावला.